इंग्रजी शब्दसंपदा : अवघड शब्दांच्या नादी लागण्याआधी

बारावीपर्यंत इंग्रजी शिकलेल्या आणि कामापुरतं बोलता येणाऱ्या माणसाची अडचण ठरलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज कळतो, बँकेचा ईमेल कळतो, क्रिकेटची बातमी तर झोपेतही कळते. इंग्रजी वर्तमानपत्राचं संपादकीय पान उघडलं की मात्र तिसऱ्या-चौथ्या ओळीला गाडी अडते. सुटे शब्द अर्धवट ओळखीचे वाटतात, पण वाक्याचा रोख हाती लागत नाही. मग नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एखाद्या दुकानातून अवघड शब्दांच्या यादीचं जाडजूड पुस्तक घरी येतं. त्याची पहिली वीस-पंचवीस पानं पेन्सिलीच्या खुणांनी भरतात आणि पुढची कोरी राहतात.

यात आळसाचा भाग असेलही, पण खरी गोची वेगळी आहे. अशी पुस्तकं बहुतेक वेळा चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात. शब्दसंपदा 'प्रगत' होते म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घेतलं तर निम्मी मेहनत वाचते.

किती शब्द लागतात?

इंग्रजीत एकूण शब्द किती, हा प्रश्न शिकणाऱ्याच्या काही कामाचा नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची 1989 ची आवृत्ती वीस खंडांची आहे. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांनाही त्यातला बराच भाग माहीत नसतो. विचारायचं ते हे, की रोजच्या मजकुरात कोणते शब्द किती वेळा भेटतात. थोडे शब्द सतत येतात आणि हजारो शब्द क्वचित येतात, असा भाषेचा कारभार आहे. एकटा 'द' छापील इंग्रजीत दर शंभर शब्दांमागे सहा-सात वेळा असतो. सर्वाधिक वापरातली दोन हजार शब्दकुटुंबं आली, की साधारण मजकुराचा 80 टक्क्यांच्या आसपास भाग ओळखीचा होतो. शब्दकुटुंब म्हणजे एका शब्दाचं सगळं गोत : 'डेव्हलप', 'डेव्हलपर', 'डेव्हलपमेंट', 'अनडेव्हलप्ड' हे मिळून एकच मोजायचं.

या दोन हजारांची सर्वांत गाजलेली यादी मायकेल वेस्ट यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध केली. हे वेस्टसाहेब ब्रिटिश अमदानीत ढाक्याला शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात होते. बंगाली मुलांसाठी वाचनाची पुस्तकं तयार करताना, आधी सर्वाधिक उपयोगाचे शब्द द्यावेत, हा विचार त्यांनी धरला. पुढे जगभर शिकवल्या गेलेल्या इंग्रजीच्या मुळाशी आपल्या उपखंडातल्या वर्गखोल्या आहेत, हे फारसं कोणी सांगत नाही.

हे दोन हजार शब्द आपल्याला बहुतेक येतात. तरी संपादकीय का कळत नाही? कारण 80 टक्के ओळखीचे म्हणजे दर पाच शब्दांत एक अनोळखी. न्यूझीलंडचे शब्दसंपदेचे अभ्यासक पॉल नेशन यांनी 2006 मध्ये मांडलेला हिशेब असा : कोणाच्या मदतीविना कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचायचं तर 98 टक्के शब्द ओळखीचे हवेत, आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. 98 आणि 95 यांत तीनच टक्क्यांचा फरक दिसतो. पण तीनशे शब्दांच्या लेखात 98 टक्क्यांना सहा शब्द अडतात आणि 95 टक्क्यांना पंधरा. सहा शब्द अंदाजानं पार करता येतात. पंधरांत वाक्यांचे दुवेच तुटतात.

म्हणजे दोन हजार आणि नऊ हजार यांच्या मधला जो पट्टा आहे, तिथे आपलं काम आहे. यादीवाली पुस्तकं बऱ्याचदा हा पट्टा ओलांडून थेट पलीकडे उडी मारतात. 'सेस्क्विपिडेलियन' म्हणजे लांबलचक शब्द वापरणारा, हे पाठ करून चारचौघांत भाव खाता येतो. संपादकीय कळायला त्याचा उपयोग शून्य.

मधला थर

अमेरिकेतल्या इसाबेल बेक आणि मार्गारेट मॅकिओन यांनी शब्दांचे तीन थर पाडले आहेत. पहिला घरगुती बोलण्यातला, तो आपोआप येतो. तिसरा एकेका विषयाचा किंवा धंद्याचा. दुसरा या दोघांच्या मधला : कुठल्याही एका धंद्याचा नाही, पण गंभीर लेखनात सगळीकडे हजर.

तिसऱ्या थराची काळजी सोडून द्यावी, असं मी म्हणेन. निफाड-दिंडोरीचा द्राक्षबागायतदार 'डाउनी', 'थिनिंग', 'डिपिंग', 'रेसिड्यू' हे शब्द मराठी वाक्यात इतक्या सहज घालतो, की ते परके आहेत हे त्याच्या ध्यानातही नसतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यात लेथवर उभा असलेला माणूस 'टॉलरन्स' म्हणजे काय ते मायक्रॉनमध्ये सांगेल. काम आलं की कामाचे शब्द येतात.

अडतं ते दुसऱ्या थरापाशी. 'रिलक्टंट', 'सबस्टॅन्शियल', 'अंडरमाइन', 'मिटिगेट', 'अ‍ॅम्बिग्युअस', 'स्क्रूटिनी', 'एक्झॅसरबेट'. हे शब्द बागेत कोणी बोलत नाही, शॉपफ्लोअरवर बोलत नाही, घरी तर नाहीच. शाळेच्या पुस्तकात ते एकदा येऊन जातात, समासात अर्थ लिहिला जातो आणि पुढच्या धड्यात त्यांची गाठ पडत नाही. पण न्यायालयाचा निकाल, कंपनीचा वार्षिक अहवाल, वैद्यकीय संशोधनाचा सारांश, परदेशी विद्यापीठाचं प्रवेशपत्रक, काहीही उघडा, हे शब्द तिथे बसलेले असतात.

विद्यापीठाच्या पातळीवरच्या लेखनापुरती तर यादीही तयार आहे. अ‍ॅव्हेरिल कॉक्सहेड यांनी 2000 मध्ये 570 शब्दकुटुंबांची 'अकॅडमिक वर्ड लिस्ट' प्रसिद्ध केली. अभ्यासाच्या पुस्तकांतला सुमारे 10 टक्के मजकूर या 570 कुटुंबांनी व्यापलेला असतो. ती इंटरनेटवर फुकट मिळते. अभियांत्रिकी, नर्सिंग, वाणिज्य, काहीही शिकत असाल आणि एकच यादी हाती घ्यायची असेल तर ही घ्या. त्यातले निम्मे शब्द अर्धवट ओळखीचे निघतील, आणि अर्धवट ओळख पक्की करणं हे नव्यानं ओळख करून घेण्यापेक्षा सोपं असतं.

कांद्याची बातमी इंग्रजीत वाचा

यादी झाली, पण शब्द जिवंत भेटायचे कुठे? माझं मत ठाम आहे : जो विषय तुम्हाला आधीच आतून बाहेरून माहीत आहे, त्याच्या इंग्रजी बातम्यांत. नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला यासाठी कांद्याइतका चांगला शिक्षक दुसरा नाही.

2023 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं, लासलगावसह जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद राहिले, डिसेंबरात निर्यातबंदीच आली आणि ती मे 2024 मध्ये उठली. हा क्रम इथल्या कोणालाही समजावून द्यावा लागत नाही. आता याच घडामोडींच्या इंग्रजी बातम्या शोधून वाचा. अर्थ तुमच्या डोक्यात आधीच आहे, त्यामुळे शब्द आपण होऊन उलगडतात. शुल्क 'इम्पोज' झालं म्हणजे लादलं गेलं. लिलाव 'हॉल्ट' झाले आणि पुढे 'रिझ्यूम' झाले. निर्यातबंदी 'लिफ्ट' झाली. आपणही बंदी उठवलीच म्हणतो. भाववाढ 'कर्ब' करायला, म्हणजे तिला लगाम घालायला, सरकारनं पाऊल उचललं. आवक प्रमाणाबाहेर वाढली तर 'ग्लट'. व्यापाऱ्यानं साठेबाजी केली तर 'होर्डिंग', सरकारनं तोच माल राखून ठेवला तर 'बफर'. साठा दोघांचाही असतो, पण शब्द बदलला की लिहिणारा कोणाच्या बाजूनं बोलतो आहे, ते कळतं.

भावाच्या घसरणीचं इंग्रजी तर स्वतंत्रपणे पाहण्यासारखं आहे. 'ईझ' झाले म्हणजे किंचित सैल पडले. 'डिप' म्हणजे थोडी आणि बहुधा तात्पुरती घट. 'स्लाइड' म्हणजे थांबत नाही अशी घसरण. 'स्लम्प' म्हणजे मोठा उतार, आणि तिथेच रेंगाळणंही. 'प्लंज' आणि 'प्लमिट' म्हणजे सरळ खाली. 'क्रॅश'ला समजावणीची गरज नाही. कोशात या सगळ्यांपुढे 'घसरणे' एवढंच लिहिलेलं सापडेल आणि ते चूकही नाही. पण मराठीत भाव नरमतात, उतरतात, घसरतात, गडगडतात, कोसळतात. 'नरमले' ऐकून शेतकरी ट्रॅक्टर बाजारातच उभा ठेवतो, 'गडगडले' ऐकून परत वळवायचा विचार करतो. मराठीतल्या या पायऱ्या तुम्हाला जन्मापासून येतात. इंग्रजी शब्द त्यांच्याशेजारी नेऊन ठेवायचे, एवढंच काम उरतं.

एकच विषय महिना-दोन महिने धरून वाचण्याच्या या पद्धतीचा पुरस्कार भाषाशिक्षणातले अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांनी केला आहे. तिचा फायदा साधा आहे. नवा शब्द मनात रुजायला त्याच्याशी अनेकदा गाठ पडावी लागते. अभ्यासक साधारण आठ-दहा भेटींच्या आसपास बोलतात, शब्दागणिक कमी-जास्त. आज अंतराळ, उद्या क्रिकेट, परवा पाककृती असं वाचलं तर 'कर्ब' पुन्हा भेटायला महिने जातील. कांद्याच्या बातम्यांत तो आठवड्यात चारदा भेटेल. कांदा नको असेल तर द्राक्ष घ्या, गोदावरीचं प्रदूषण घ्या, सिंहस्थाची तयारी घ्या. मालिकांची आवड असेल तर एकाच मालिकेचे इंग्रजी उपशीर्षकांसह सगळे भाग बघा, माझी हरकत नाही.

शब्द एकटा राहत नाही

आपण साडी नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो, टिकली लावतो. इंग्रजीला या सगळ्याला बहुतेक 'वेअर' पुरतं. मराठी शिकणारा परदेशी माणूस 'साडी घातली' म्हणाला तर अर्थ कळतो, व्याकरणही चुकत नाही, तरी कान टवकारतो. कोणत्या शब्दासोबत कोणता बसायचा, याला इंग्रजीत 'कोलोकेशन' म्हणतात, आणि त्याला नियम नसतो, वहिवाट असते.

आपलं इंग्रजी नेमकं इथे उघडं पडतं. चहा 'स्ट्राँग' असतो, पाऊस 'हेवी' असतो. 'स्ट्राँग रेन' म्हटलं की ऐकणारा समजून घेतो, पण बोलणारा बाहेरचा आहे हेही त्याला समजतं. गुन्हा 'कमिट' होतो, चूक 'मेक' होते. धूम्रपान करणारा 'हेवी', पण विरोध करणारा 'स्ट्राँग' किंवा 'फिअर्स'. संशय 'अराउज' होतो, टीका 'ड्रॉ' होते, कर्ज 'इन्कर' होतं. आता कोशातला अर्थ पाठ केलेला विद्यार्थी डोळ्यांपुढे आणा. 'मिटिगेट' म्हणजे कमी करणे, असं त्यानं वहीत लिहिलं, आणि मग 'मी साखर मिटिगेट केली' असं वाक्य केलं. 'मिटिगेट'च्या सोबतीला जोखीम येते, नुकसान येतं, परिणाम येतात, साखर नाही.

म्हणून वहीत शब्द कधीही सुटा लिहू नये. 'मिटिगेट द रिस्क', 'इम्पोज अ ड्युटी', 'लिफ्ट द बॅन' असा जोडगोळीनं लिहावा, आणि जमलं तर ज्या वाक्यात भेटला ते वाक्यही. या एका सवयीनं जो फरक पडतो तो दुसऱ्या कशानंही पडत नाही.

मुळं : उपयोगी, पण बेतानं

नाशिक रोडला करन्सी नोट प्रेस आहे. त्या पाटीवरचा पहिला शब्द घ्या. लॅटिनमध्ये 'करेरे' म्हणजे धावणे. हातोहात धावते ती करन्सी, तारेतून धावतो तो करंट, पडद्यावर धावतो तो कर्सर, पाकीट घेऊन धावतो तो कुरियर. पोस्टातलं रिकरिंग डिपॉझिट म्हणजे दर महिन्याला पुन्हा धावत येणारा हप्ता. इथवर सगळे ओळखीचे. आता त्याच घरातले दुसऱ्या थराचे शब्द पाहा. 'कन्कर' म्हणजे सोबत धावणे, म्हणून सहमत होणे. 'प्रिकर्सर' म्हणजे आधी धावणारा, पूर्वसूचक. 'कर्सरी' म्हणजे धावतं, वरवरचं. 'कर्सरी ग्लान्स'ला मराठीत आपण धावती नजर म्हणतोच.

द्राक्षबागेतून असंच आणखी एक घर उघडतं. फंगीसाइड, इन्सेक्टिसाइड, हर्बिसाइड यांतलं 'साइड' म्हणजे मारणारं. 'होमिसाइड' आणि 'सुइसाइड' हे त्याचेच भाऊबंद. लॅटिनमधली ती मूळ क्रिया मारण्याइतकीच कापण्याचीही आहे, म्हणून शस्त्रक्रियेतला 'इन्सिजन' त्याच घरचा, आणि पाल्हाळ कापून टाकलेलं 'कन्साइज' लेखनही. 'डिसाइड'सुद्धा इथलाच : बाकीचे पर्याय कापून टाकणे.

आपल्याला एक जादा सवलतही आहे. 1786 मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मूळ भाषेतून आल्या असाव्यात, असं मांडलं. संस्कृतात 'स्पश्' म्हणजे पाहणे. आपला 'स्पष्ट' तिथला, म्हणजे नीट दिसलेला. लॅटिनचं 'स्पेक' त्याचंच भावंड. त्यावरून इन्स्पेक्टर हा आत डोकावून पाहणारा, 'रेट्रोस्पेक्ट' म्हणजे मागे वळून पाहणं, 'सर्कमस्पेक्ट' म्हणजे चहूकडे पाहूनच पाऊल टाकणारा.

पण मुळांची चटक लागू देऊ नका. शरीरातली गाठ 'एक्साइज' करतात तो शब्द कापण्याच्या घरातला आहे. दारूवर 'एक्साइज' लागते तो मात्र डच भाषेतून आलेला वेगळाच करवाचक शब्द आहे. दोघांचं स्पेलिंग एक, गोत्र वेगळं. मूळ हे शब्द लक्षात ठेवायला मदत करतं, पण आजचा अर्थ सांगायची हमी देत नाही. अंदाज बांधायचा आणि कोशात पडताळायचा, हा क्रम सोडू नये.

समानार्थी म्हणजे समान नव्हे

इंग्रजीत एकाच गोष्टीला तीन-तीन शब्द का असतात, याचं उत्तर इतिहासात आहे. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या फौजांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं दरबारात फ्रेंच चालली. शेतात मूळ इंग्रजी, दरबारात फ्रेंच, आणि चर्चमध्ये व विद्वानांत लॅटिन. म्हणून आई मुलाला 'आस्क' करते, वकील साक्षीदाराला 'क्वेश्चन' करतो आणि पोलीस आरोपीला 'इंटरोगेट' करतात. एकाच विचारण्याच्या या तीन इयत्ता झाल्या. तहान लागल्यावर 'जल' मागणारा माणूस आपल्याकडे नाटकातलाच असतो. जलसंपदा विभागाला मात्र 'पाणी खातं' म्हणून भागत नाही.

समानार्थी शब्दांचे कोश म्हणूनच जपून वापरावेत. रॉजे यांचा प्रसिद्ध कोश 1852 सालचा; तो लिहित्या माणसाला विसरलेला शब्द आठवून द्यायला उत्तम आहे, नवशिक्याला नवा शब्द उचलून द्यायला धोक्याचा. 'थ्रिफ्टी' आणि 'स्टिंजी' शेजारी-शेजारी सापडतील, पण एक काटकसरी आहे आणि दुसरा कंजूष. सासऱ्यांबद्दल लिहिताना हा फरक महागात पडू शकतो.

विसरणं गृहीत धरा

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे आणि किती विसरतो ते मोजायचं. 1885 मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले : विसरण्याचा वेग सुरुवातीला प्रचंड असतो आणि मग मंदावतो. म्हणजे रविवारी बसून शंभर शब्द घोकण्यापेक्षा थोडे शब्द वाढत्या अंतरानं पुन्हा समोर आणलेले बरे. आज, उद्या, चार दिवसांनी, पंधरवड्यानं, महिन्यानं.

समोर आणायचे म्हणजे पुन्हा वाचायचे का? इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग बोलका आहे. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतलेल्या चाचणीत चित्र उलटलं : आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. वहीवरून नजर फिरवताना 'हे तर येतंय' असं जे वाटतं ते फसवं असतं. पान झाकून शब्द आठवायचा प्रयत्न केला, थोडं अडखळलो, तर तो बसतो.

यासाठी फार काही लागत नाही. सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये सांगितलेली पद्धत पुठ्ठ्याच्या खोक्यावर चालते : कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. बरोबर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, तो कप्पा उशिरानं उघडायचा. चुकलं तर पुन्हा पहिल्या कप्प्यात. हेच गणित मोबाइलवर हवं असेल तर 2006 पासून 'अँकी' नावाचा प्रोग्रॅम आहे. सिटीलिंकच्या बसनं नाशिक रोडवरून शहरात येता येता वीस-पंचवीस कार्डं सहज होतात.

कार्ड कसं करायचं, याला मात्र महत्त्व आहे. एका बाजूला 'कर्ब' आणि मागे 'नियंत्रण ठेवणे' असं करू नका. पुढच्या बाजूला वाक्य लिहा, त्यात शब्दाची जागा रिकामी ठेवा : सरकारनं भाववाढीला आळा घालायला निर्यातबंदी आणली, असं पूर्ण इंग्रजी वाक्य, फक्त 'कर्ब' गाळलेला. शेजारी हवं तर पहिलं अक्षर. म्हणजे आठवताना शब्दासोबत त्याची संगतही आठवावी लागते.

कोश आणि उच्चार

इंग्रजी-मराठी कोश झटपट अर्थाला ठीक आहे. पण दुसऱ्या थरासाठी शिकणाऱ्यांकरिता केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश हवा. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी असा कोश रचला, तोच पुढे ऑक्सफर्डनं काढला. लाँगमनच्या 1978 च्या कोशात सगळे अर्थ सुमारे दोन हजार सोप्या शब्दांतच सांगितले आहेत. आज असे कोश ऑनलाइन फुकट पाहता येतात, उच्चारही ऐकता येतो. छापील प्रतीवर बसून काम करायचं तर 1840 पासून चालत आलेलं आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय आहेच.

उच्चार ऐकल्याशिवाय शब्द वहीत घेऊ नका. स्पेलिंग दगा देतं : 'डेब्रिस' दिसतो, 'डेब्री' ऐकू येतो, 'इन्डिक्ट' दिसतो, 'इन्डाइट' ऐकू येतो, 'सटल'मधला बी कोणी म्हणतच नाही. त्याहून मोठी गोष्ट आघाताची. मराठीत अक्षरांवर आपण साधारण सारखा जोर देतो, इंग्रजीत जोर हलला की शब्द ओळखू येत नाही. 'फोटोग्राफ'चा जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफी'चा दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'चा तिसऱ्यावर. देवनागरीत हे दिसत नाही, त्यामुळे या लेखातले उच्चारही अंदाजापुरतेच धरा.

वापर

ओळखता येणारे शब्द नेहमीच वापरता येणाऱ्या शब्दांपेक्षा कितीतरी जास्त असतात. मराठीतही तसंच आहे, त्याची लाज वाटायचं कारण नाही. प्रत्येक शब्द बोलण्यात आणायचा हट्ट धरू नका. वाचनापुरते आठ हजार, लिहिण्या-बोलण्यापुरते त्याच्या निम्मे, असं चाललं तरी उत्तम चाललं.

हे परीक्षार्थींना पटत नाही. आयेल्ट्स या परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेच्या लेखन आणि संभाषण या भागांत शब्दसंपदेला एक-चतुर्थांश गुण असतात, हे क्लासमध्ये कळतं आणि निबंधात 'प्लेथोरा'चा पाऊस सुरू होतो. 'प्लेथोरा' म्हणजे नको इतकं जास्त, अशी मूळ छटा. 'खूप' या अर्थानं तो दर परिच्छेदात आला की परीक्षक ओळखतो. सात बँडच्या, म्हणजे त्या परीक्षेतल्या सातव्या गुणपातळीच्या, निकषात कमी वापरातले शब्द अपेक्षित आहेतच, पण शैलीची आणि कोलोकेशनची जाण ठेवून वापरलेले. 'द बॅन वॉज लिफ्टेड' यात एकही अवघड शब्द नाही, तरी ते वाक्य 'द बॅन वॉज रिमूव्ह्ड'पेक्षा सराईत आहे.

वापराचा सराव म्हणून मी एकच गोष्ट सुचवीन. आठवड्यातून एकदा, वाचलेल्या बातम्यांवर इंग्रजीत दहा-बारा ओळी लिहा, आणि त्या आठवड्याच्या कार्डांतले तीनच शब्द त्यांत बसवा. जो बसत नाही तो सोडून द्या. लिहून झाल्यावर त्या तीन शब्दांची जोडगोळी कोशातल्या उदाहरणांशी ताडून पाहा.

आणि वेळेचा हिशेब आधीच मांडून ठेवा, म्हणजे महिन्याभरात निराशा येत नाही. समजा तुमच्याकडे आज चार हजार शब्दकुटुंबं आहेत आणि आठ हजारांपर्यंत जायचं आहे. रोज सात नवी घेतली, एकही सुटली नाही, तरी 572 दिवस लागतात. गणपती, दिवाळी, परीक्षा, लग्नसराई धरून दोन वर्षं म्हणा. यांतली कित्येक कुटुंबं वाचनातून कार्डाशिवायच येतील, काही कार्डं करूनही टिकणार नाहीत; दोन्ही बाजू साधारण भरून निघतात. रोजचा खर्च पंधरा मिनिटं कार्डांना आणि अर्धा तास वाचनाला. दोन्हींतलं एक सोडायची वेळ आली तर कार्डं सोडा, वाचन चालू ठेवा.